धोटा कुठं थांबला?

आमच्या गल्लीत वीज गेली की प्रत्येक घरातून वेगळा आवाज येतो. कुणी शिवी हासडतं, कुणी पंख्याकडे बघत उसासा टाकतं, कुणी शेजाऱ्यांचीही गेली आहे ना याची खात्री करायला गॅलरीतून वाकतं. नरसय्यामामा मात्र जिथल्या तिथं थांबायचे. घास तोंडाशी आला असला तर तोही थांबायचा. मग उजवा तळवा पुढे धरून, समोर माग उभा असल्यासारखं, ते मोठ्यानं विचारायचे, "धोटा कुठं थांबला?"

उत्तर द्यायला समोर कुणी नसायचं. पण चाळीस वर्षांची सवय होती. सोलापुरातल्या निरनिराळ्या कारखान्यांत ते जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला यंत्रमाग दुरुस्त करणारा. माग चालू असताना वीज गेली, की आडवा धागा घेऊन पळणारा धोटा कधी कडेच्या पेटीत जाऊन थांबतो, तर कधी उभ्या धाग्यांच्या मधोमध अडकून पडतो. वीज आल्यावर न बघता माग सुरू केला, तर तो मधला धोटा शेकडो धागे तोडतो आणि ते जोडण्यात अख्खा दिवस जातो. म्हणून आधी धोटा बघायचा, मग बटण दाबायचं. मामा निवृत्त झाले होते, घरात माग नव्हता, पण वीज जायची काही थांबली नव्हती.

ते आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. बायको वारली होती, मुलगी भिवंडीला दिलेली. पांढरी लुंगी, बनियन आणि उजव्या कानावर खडूचा तुकडा. कुठलाही नट सोडण्यापूर्वी तो कुठल्या जागी होता त्याची खडूनं खूण करायची, हा त्यांचा नियम होता. आमच्या फाटकाची कडी बसवतानासुद्धा त्यांनी आधी खुणा केल्या होत्या. त्या अजून आहेत. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं, आणि समोरच्यालाही कमीच येत असणार असं धरून ते बोलायचे. घरची भाषा तेलुगू; मराठी सोलापूरची. पटलं की "सरे" म्हणायचे. न पटलं तरी "सरे"च म्हणायचे, फक्त जरा वेळ थांबून. हा थांबण्याचा फरक कळायला मला फार उशीर लागला.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय मामांचं मोठेपण कळणार नाही. माझं काम आकड्यांचं. जिल्ह्याच्या तालुक्यांतून आलेले पावसाचे आकडे मी तपासतो. माढ्याचा पाऊस सलग तीन दिवस बरोबर दहा मिलिमीटर आला, की मी तिथं फोन करून विचारतो, "मोजला की लिहिला?" या प्रश्नामुळे मी नातेपुत्यापासून होटगीपर्यंत सारखाच नावडता आहे. पण आकडा म्हणजे आकडा. माझ्या हातून चुकीचा आकडा पुढे गेलेला नाही, असं मी तेव्हा चारचौघांत सांगत असे.

आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांनी येतं. येतं ते अकरा ते दोनच्या मध्ये कधीतरी, आणि राहतं दीड-दोन तास. खालचा हौद सातशे लिटरचा. तो भरला की पाणी आपोआप बंद होतं. म्हणून हौद भरत असतानाच मोटार लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. टाकी दोन हजारांची. मोटार लागली तर सत्तावीसशे लिटर, नाही लागली तर सातशे. घरात आम्ही पाच माणसं: मी, बायको सुनंदा, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आणि माझी आई. म्हणजे माणशी रोज एकशे आठ लिटर, नाहीतर अठ्ठावीस. खालच्या मजल्यावर टॉवेलांचं गोदाम, ते बहुतेक बंद. आम्ही वर. मोटार जिन्याखाली. आईला जिना उतरवत नाही आणि पाणी आल्याचा आवाजही ऐकू येत नाही.

त्यामुळे दर पाचव्या दिवशी सुनंदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून होटगीच्या शाळेतून परत यायची. ती गणित शिकवते. त्या वर्षी तिच्याकडे दहावी आली, आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं की अशा रजा चालणार असतील तर दहावी दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. वीस वर्षं ती दहावीची वाट बघत होती.

घरी येऊन तिनं पर्स ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मी पाण्यासाठी एकही रजा घेणार नाही. पाणी तुमच्याकडे."

"ठीक आहे," मी म्हणालो.

"नरसय्यामामांना सांगूया का? ते दिवसभर घरीच असतात. बटणच तर दाबायचं."

"परक्या माणसाला वेठीला धरायचं नाही," मी म्हणालो. "शिवाय माणूस विसरतो. यंत्र विसरत नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं म्हणालो होतो. सुनंदाला ते अजून पाठ आहे.

मी एक व्यवस्था आखली. हौदात आणि टाकीत पाण्याची पातळी सांगणारा एकेक सेन्सर, मोटारीला वायफायवर चालणारं बटण, आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक प्रोग्रॅम. हौदात पाणी चढायला लागलं की मोटार चालू, टाकी भरली की बंद. प्रोग्रॅमला स्वतंत्र संगणक हवा होता. घरातला एकमेव संगणक मुलींच्या अभ्यासाचा. त्याला हात लावायला त्यांची सक्त मनाई. मग मी वाचून वाचून त्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक बसवला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. म्हणजे तो नसतो, पण आतून बघितलं तर असतो. आईला हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "आन् ह्यो नसल्याला गडी पानी भरनार व्हय?"

नसलेला गडी सुरू झाला; वीज जाऊन आली तरी संगणकासकट आपोआप उठेल अशी सोयही मी केली होती. इंटरनेटवरून त्यानं आपले आपले अपडेट ओढून घेतले. घड्याळ बरोबर, हवामान बरोबर. फक्त आमच्या घरातला एकही सेन्सर त्याला सापडेना. तो अमेरिकेपर्यंत जाऊन येत होता, पण खालच्या हौदापर्यंत पोहोचत नव्हता.

नऊ दिवस मी त्याच्यामागे लागलो. वही केली. तारीख, वेळ, काय बदललं, काय झालं, असे रकाने आखले. राऊटर बदलला. वायफायचा पासवर्ड बदलला, मग तो मुलींना सांगायचा विसरलो. सेन्सर हौदातून काढून थेट संगणकाशेजारी ठेवला. तरी दोघं एकमेकांशी बोलेनात. एका बाजूला वहीत मी रोज सगळ्या उपकरणांचे नेटवर्कवरचे आकडी पत्ते लिहीत होतो, कारण पत्ते लिहावेत असं वाचलं होतं. या नऊ दिवसांत पाणी एकदा येऊन गेलं. आम्ही अठ्ठावीस लिटरवर होतो. मोठी मुलगी बादली उचलून म्हणाली, "बाबा, ही माझी उद्याची पण आहे ना?"

दहाव्या दिवशी संध्याकाळी मामा आले. फाटकातूनच ओरडले, "काय करायलाव साहेब? आठ दिस झाले, खिडकीतनं तुमची पाठच दिसायली!"

मी त्यांना शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. खरं तर मला बोलायला कुणीतरी हवं होतं. घरचे ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "एका टायमाला किती नट सोडलाव?"

"म्हणजे?"

"एका टायमाला किती बदल?"

मी वहीत बघितलं. "तीन. एकदा पाच."

"अय्यो! पाच नट एकदम सोडल्यावर मागाला तरी कळंल का कुठं दुखायलंय? एक सोडायचा. बघायचं. परत खुणंवर बसवायचा. मग दुसरा." आणि मग, "पत्ते काय लिहिलाव ते दाखवा बघू. मला अक्षर लागत न्हाई, आकडे लागतात."

मी वही त्यांच्यापुढे धरली. मराठी अक्षर त्यांना फारसं वाचता येत नव्हतं, पण आकडे त्यांनी आयुष्यभर वाचलेले. कापडात इंचाला किती धागे, हाच तर त्यांचा धंदा. त्यांनी कानावरचा खडू काढला आणि वहीवर न टेकवता, वरून फिरवत नेला. मोटारीचं बटण, १९२ पासून सुरू. हौदाचा सेन्सर, १९२. टाकीचा, १९२. राऊटर, मोबाइल, मुलींचा संगणक, सगळे १९२. मग खडू थांबला.

"हा कोण?"

तो नसलेला गडी होता. त्याचा पत्ता १०.०.२.१५.

"हे सगळे एका गल्लीतले हायेत की," मामा म्हणाले. "हा एकटा परगावचा. ह्याला हाक ऐकू येणार कशी?"

मी वहीकडे बघत बसलो. नऊ दिवस, रोज, निळ्या शाईत, मी तो आकडा स्वतःच्या हातानं लिहिला होता आणि खाली पट्टीनं रेघ मारली होती. लिहिला होता, वाचला एकदाही नव्हता. माढ्याच्या माणसाला मी कुठल्या तोंडानं फोन करत होतो कोण जाणे.

पुढचं सोपं होतं. व्हर्च्युअल मशीन बसवताना नेटवर्कचा जो पर्याय आपोआप निवडला जातो, त्यात ते मशीन संगणकाच्या आड राहतं. बाहेर जाऊ शकतं, पण घरातलं कुणी त्याच्यापर्यंत येऊ शकत नाही. दुसरा एक पर्याय असतो, ब्रिज नावाचा. तो निवडला की ते घरच्या राऊटरकडून स्वतःचा पत्ता घेतं आणि बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसतं. मी तो निवडला. मशीनला पत्ता मिळाला, १९२.१६८.१.३७. मिनिटभरात हौदाचा सेन्सर पडद्यावर उगवला. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की आई आतून म्हणाली, "काय पडलं रं?"

सेन्सर परत हौदात बसवल्यावर मामांनी बादलीनं पाणी ओतलं, खाली मोटार घुरघुरली, आणि ते लहान मुलासारखे हसले. फाटकाशी जाऊन मात्र परत वळले.

"साहेब, लाईट जाऊन आली की हा त्याच जागी बसतो का?"

"मामा, तो धोटा नव्हे," मी म्हणालो. "संगणक आहे."

ते जरा वेळ थांबले. "सरे," म्हणाले आणि गेले.

पुढचे सत्तर दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत अभिमानाचे होते. पाण्याच्या चौदा पाळ्या झाल्या. चौदाही वेळा संध्याकाळी टाकी भरलेली. मोटार किती वाजता चालू झाली याची नोंद प्रोग्रॅम स्वतः ठेवतो. त्यातून मी तक्ता केला, छापला आणि फ्रिजवर चिकटवला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, चौदापैकी चौदा. सुनंदानं एकही रजा घेतली नाही. दहावी तिच्याकडेच राहिली. शाळेतून आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मानलं तुम्हाला." आमच्या घरात हे वाक्य दहा वर्षांतून एकदा येतं.

एकदा मामा वर आले असताना मी त्यांना तक्त्यापुढे उभं केलं. त्यांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. दोन-तीन ठिकाणी बोट जरा रेंगाळलं.

"चौदा का चौदा?"

"चौदा का चौदा."

ते थांबले. "सरे," म्हणाले. "लई भारी."

आई पलंगावरून हे सगळं बघत होती. ती काही बोलली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आई न बोलण्यातली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मामांची मुलगी त्यांना न्यायला आली. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, एकट्यानं राहणं बरं नव्हतं. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि पान्यांची पिशवी. मी पिशवी रिक्षात ठेवली. ती ट्रंकेपेक्षा जड होती. मामा आईचा निरोप घ्यायला जिना चढून गेले, बराच वेळ थांबले, आणि खाली आल्यावर माझा हात धरून गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, लाईट गेली की बघत जावा!"

मी हसून हो म्हणालो. म्हातारा माणूस, सवय सुटत नाही, असं मनात म्हणालो.

दोन दिवसांनी पाण्याची पाळी होती. सकाळी नऊला वीज गेली, दहाला आली. बाराच्या सुमारास पाणी आलं, दीडला गेलं. संध्याकाळी मी नळ सोडला तर त्यातून फक्त हवा आली. हौदात सातशे, टाकीत शून्य. मी पडद्यासमोर बसलो. नसलेला गडी मजेत होता. त्याचं घड्याळ बरोबर, हवामान बरोबर. फक्त त्याच्या पत्त्याचा शेवटचा आकडा ३७ नव्हता. ४१ झाला होता.

कारण साधं होतं. वीज आली की राऊटर नव्यानं पत्ते वाटतो. कधी जुनाच पत्ता मिळतो, कधी दुसरा. हौदातला सेन्सर बिचारा आपला निरोप ३७ वरच पाठवत राहतो, आणि तिथं कुणी नसतं. पण मग मनात आलं, या सत्तर दिवसांत वीज काय आजच गेली होती? सोलापुरात? पावसाळ्यात?

मी नोंदी पुन्हा उघडल्या. मोटारीच्या बटणाची खबर प्रोग्रॅम स्वतः जाऊन घेतो, त्यामुळे मोटार चालू झाल्याची नोंद प्रत्येक वेळी होती. पण वेळेच्या शेजारी आणखी एक रकाना होता. मोटार कशामुळे चालू झाली, असा. तो मी कधी उघडलाच नव्हता. चौदापैकी नऊ ठिकाणी प्रोग्रॅमचं नाव होतं. पाच ठिकाणी लिहिलं होतं की बटण हातानं दाबलं. पाचही दिवशी सकाळी वीज गेली होती.

मी आईच्या पलंगाशी गेलो. "आई, दुपारी खाली मोटारीपाशी कोण यायचं?"

"कोन येनार? नरसय्या." तिनं जपमाळ बाजूला ठेवली. "त्येला ऐकू येत न्हाय, पर पायपावर हात ठिवून बसायचा. पानी आलं की तुजं मशीन उटतंय का बगायचा. न्हाय उटलं की बटन दाबायचा, वर येऊन माज्या हातचा च्या प्यायचा आन् टाकी भरली की जाऊन बंद करायचा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्यो म्हनला, अक्का, सांगू नका. आन् तू इचारलंस कुटं? तू त्या डब्याला इचारत हुतास."

सुनंदा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती दहावीबद्दल बोलेल. ती फ्रिजकडे गेली, तक्त्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे मोजले होते की लिहिले होते?"

त्या रात्रीची जेवणं पत्रावळीवर झाली. त्याआधी मी राऊटरमध्ये जाऊन ३७ हा पत्ता त्या मशीनसाठी कायमचा राखून ठेवला. त्याला चार मिनिटं लागली. मग मीटरचा खटका पाडला, पुन्हा वर केला, आणि तळवा पुढे धरून वाट बघितली. ३७. पुन्हा पाडला. ३७. मुलींनी आतून आरडाओरडा केला तरी सहा वेळा करून बघितलं, मग उठलो.

मामांना फोन लावला. मागे कुठंतरी माग चालू होते.

"हां, साहेब! हितं झोप चांगली लागती की! रातभर माग चालू!"

"मामा, पाच वेळा तुम्ही मोटार चालू केलीत!"

"काय?"

"पाच वेळा!"

"पाच न्हाई, सहा! एकदा लाईट मधीच जाऊन आली. तुमचं मशीन मोटार चालू करून बसलं, बंद करायचं नाव न्हाई. गच्चीवरनं पाणी सांडायलंतं. मी बंद केलो!"

मी मनात आकडा दुरुस्त केला. चालू करण्याच्या नोंदीच मी बघितल्या होत्या. बंद करण्याच्या नाही. "पण मला सांगायचं होतं ना!"

"काय सांगायचं ओ? बाईसाहेब दहावीला शिकवायल्या, तुमी तक्ता लावलेला. चालू माग कशाला थांबवायचा?" मग आवाज खाली आणून, म्हणजे आपल्यासारखा साधा करून, ते म्हणाले, "आणि इचारलो होतो की तुमाला. त्याच जागी बसतो का म्हणून."

"आता बसतो, मामा."

ते थांबले नाहीत. लगेच म्हणाले, "सरे!"

दुसऱ्या दिवशी मी फ्रिजवरचा तक्ता काढला आणि नवा लावला. त्यात एक रकाना वाढवला: कोणी केलं. यंत्र, आठ. नरसय्या, सहा. एकूण चौदा. पुन्हा दोनदा तपासला, आणि मगच आईला वाचून दाखवला.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतला. म्हणाली, "आन् माजा च्या? सा कप झाला त्यो. त्यो कुटल्या रकान्यात हाय?"